विश्लेषण : जुनी मोटारसायकल घेताय? चेन बरी की शाफ्ट?

पन्नाशी ओलांडलेली मोटारसायकल विकत घेताना बहुतेकांचे लक्ष टाकीचा रंग, क्रोमची चकाकी आणि इंजिनाचा आवाज याकडे असते. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत कशी पोहोचते, याचा विचार सौदा झाल्यावर सुरू होतो. जुन्या गाड्यांमध्ये त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत : चेन आणि शाफ्ट. ‘चेन म्हणजे कटकट, शाफ्ट म्हणजे निश्चिंती’ असे हौशी मंडळींत सर्रास बोलले जाते. नव्या गाडीबाबत त्यात तथ्य आहे. पण पन्नास-साठ वर्षे जुन्या गाडीबाबत हेच वाक्य महागात पडू शकते. ते कसे, याचा हा आढावा.

दोन्हींत नेमका फरक काय?

चेनच्या गाडीत गिअरबॉक्सच्या तोंडाशी एक लहान स्प्रॉकेट आणि मागच्या चाकावर एक मोठे स्प्रॉकेट असते. दोन्हींना जोडणारी चेन फिरते आणि चाक फिरवते. सायकलचेच तत्त्व, फक्त भार कितीतरी पट अधिक.

शाफ्टच्या गाडीत चेनऐवजी पोलादी दांडा असतो. तो गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत जातो. चाकाजवळ बंद डब्यात दोन तिरक्या दातांची चाके असतात. ती दांड्याचे फिरणे काटकोनात वळवून चाकाला देतात. ट्रक किंवा जीपच्या मागच्या अॅक्सलमधली क्राउन-पिनियनची जोडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. शॉकअॅब्सॉर्बरमुळे चाक वर-खाली होते, म्हणून दांड्याला एक लवचिक सांधाही लागतो. गॅरेजच्या भाषेत तो ‘क्रॉस’.

भारतीय रस्त्यांवरच्या जुन्या गाड्यांपैकी बुलेट, जावा, येझदी, राजदूत या सगळ्या चेनच्या. शाफ्टच्या गाड्यांत बीएमडब्ल्यूच्या आर मालिकेतील जुन्या बॉक्सर, सोव्हिएत बनावटीच्या उरल आणि नीपर, इटलीची मोटो गुझी व्ही ७, ब्रिटनची वेलोसेट एलई अशी नावे येतात. भारतात त्या संख्येने थोड्या आहेत आणि म्हणूनच त्यांचे आकर्षणही मोठे आहे.

ही वाटणी कधीपासून?

सुरुवातीच्या मोटारसायकलींत चामड्याचा पट्टा असे. तो पावसात घसरे, चढावर दमे. मँचेस्टरमध्ये कारखाना असलेले हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये बुश-रोलर चेनचे पेटंट घेतले होते. तीच रचना पुढे मोटारसायकलीला लागू पडली आणि आजही मूळ तत्त्व तेच आहे.

शाफ्टही जवळपास तितकाच जुना. बेल्जियमच्या एफएन कंपनीने १९०५ मध्ये चार सिलिंडरची मोटारसायकल आणली, ती शाफ्टवर चाले. मात्र शाफ्टला खरी ओळख मिळवून दिली बीएमडब्ल्यूने. विमानांची इंजिने बनवणाऱ्या या कंपनीचे अभियंते मॅक्स फ्रिट्झ यांनी १९२३ मध्ये ‘आर ३२’ ही ४९४ सीसीची गाडी साकारली. दोन सिलिंडर डावी-उजवीकडे, क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने, मागे गिअरबॉक्स आणि त्यामागे थेट शाफ्ट. फिरण्याची दिशा फक्त एकदाच, चाकापाशी बदलायची. ही मांडणी इतकी नेमकी होती की कंपनीने ती पुढे अनेक दशके सोडली नाही.

बहुतेक ब्रिटिश आणि जपानी गाड्यांत क्रँकशाफ्ट आडवा असतो. तिथे चेन सरळ बसते. शाफ्ट बसवायचा तर दिशा दोनदा वळवावी लागते. म्हणजे वजन वाढते, खर्च वाढतो आणि थोडी ताकदही वाया जाते. त्यामुळे कोणत्या गाडीला काय लावायचे हे बऱ्याचदा इंजिनाच्या मांडणीनेच ठरवले.

शाफ्ट म्हणजे चेनच्या पुढची पायरी का?

तसे समजणे चूक. याचा एक दाखला मुंबईशी जोडलेला आहे. लॅम्ब्रेटा स्कूटरच्या सुरुवातीच्या मॉडेलांत मागच्या चाकाला शाफ्टने गती मिळे. मुंबईतील ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९५० च्या दशकात भारतात लॅम्ब्रेटाची जुळणी सुरू केली, तेव्हाचे एलडी मॉडेल शाफ्टचेच होते. पण १९५८ मध्ये आलेल्या ‘एलआय’ मालिकेत मूळ इटालियन कंपनीने शाफ्ट काढून तेलाच्या बंद डब्यात फिरणारी दुहेरी चेन बसवली. म्हणजे एकाच घराण्यात शाफ्ट आधी आणि चेन नंतर.

दुसरा दाखला दुसऱ्या महायुद्धाचा. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रेती चेन खाऊन टाकत होती आणि जर्मन सैन्याच्या शाफ्टवाल्या गाड्या टिकाव धरत होत्या. अमेरिकी लष्कराने मग हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या दोन्ही कंपन्यांकडून शाफ्टच्या गाड्या मागवल्या. हार्लेची ‘एक्सए’ आणि इंडियनची ‘८४१’ प्रत्येकी हजाराच्या आसपास बनल्या. तोवर जीप आली आणि त्यांची गरजच उरली नाही. हजारोंच्या संख्येने युद्धभर धावली ती हार्लेची चेनवालीच ‘डब्ल्यूएलए’. रेतीत शाफ्ट सरस होता, यात शंका नाही. पण चेन कुठेही आणि कोणालाही बदलता येत होती.

शाफ्ट म्हटला की तो भक्कमच, असेही नाही. ब्रिटनच्या सनबीम एस ७ मध्ये तिरक्या दातांऐवजी वर्म गिअर वापरला होता. जास्त ताकद आली की तो झिजे. त्यामुळे या देखण्या गाडीच्या इंजिनाला हात आखडता घ्यावा लागला.

चेन झिजते म्हणजे काय होते?

‘चेन लांबली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातील पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. एका सांध्यातली झीज केसाएवढी. पण शंभरेक सांध्यांची बेरीज झाली की चेन सैल पडते आणि स्प्रॉकेटच्या दातांवर नीट बसत नाही. मग दातही एका बाजूला झुकून अणकुचीदार होतात. म्हणूनच जाणकार मेकॅनिक चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलायला सांगतो. जुन्या दातांवर नवी चेन चढवली तर ती लवकर खराब होते.

मोजमाप सोपे आहे. अनेक मोटारसायकलींच्या चेनचा पिच पाच-अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर असतो. चेन ताणून धरून २० पिचचे अंतर मोजले तर ते नव्या चेनमध्ये ३१७.५ मिलिमीटर भरते. ते ३२३ च्या पुढे गेले असेल तर चेन संपली. पट्टी घेऊन पाच मिनिटांत होणारे हे काम आहे.

जुन्या गाड्यांच्या मूळ चेनला सांध्यात ग्रीस कोंडून ठेवणारी रबरी कडी नसे. अशी ‘ओ-रिंग’ चेन १९७० च्या दशकात आली. साध्या चेनला धूळ आणि पाऊस दोन्ही सोसत नाहीत, तिला वरचेवर तेल लागते. जुन्या गाडीला ओ-रिंग चेन बसवता येते, मात्र ती रुंद असते. केसिंगला किंवा गार्डला घासत नाही ना, हे आधी पाहावे लागते. जावा-येझदीने या अडचणीवर वेगळा उपाय केला होता. त्यांची चेन संपूर्ण झाकलेली असे, वर आणि खाली रबरी नळ्यांतून फिरणारी. पावसाळ्यात हे झाकण किती मोलाचे, हे येझदीवाल्यांना सांगावे लागत नाही. जुनी जावा घेताना या नळ्या जागेवर आहेत का, हे म्हणूनच पाहावे. अनेक गाड्यांत त्या काढून टाकलेल्या असतात.

चेनची बाजू भक्कम होते ती दुरुस्तीत. चेन आणि स्प्रॉकेट तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात. दुर्मीळ गाडीचे स्प्रॉकेट मिळाले नाही, तरी नमुना दाखवून लेथवर बनवून घेता येते. शिवाय पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी-जास्त करून गाडी घाटासाठी किंवा हमरस्त्यासाठी हवी तशी जुळवता येते. शाफ्टच्या गाडीत हाच बदल करायचा तर क्राउन-पिनियनची जोडीच बदलावी लागते.

‘शाफ्टला काही करावे लागत नाही’ हे कितपत खरे?

अर्धे खरे. ताण जुळवणे नाही, रोजचे तेल नाही, पाठीवर उडणारे काळे डाग नाहीत. पण ‘थोडे करावे लागते’ आणि ‘काहीच करावे लागत नाही’ यांत अंतर आहे आणि जुन्या शाफ्टच्या गाड्या बिघडतात त्या याच अंतरात.

उदाहरण बीएमडब्ल्यूचेच घेऊ. १९५५ मध्ये आलेल्या स्विंगआर्मच्या मॉडेलांपासून शाफ्ट मागच्या आर्मच्या नळीत तेलात फिरतो. गिअरबॉक्सचे तेल वेगळे, शाफ्टच्या नळीतले वेगळे आणि चाकाजवळच्या डब्यातले वेगळे. चाकाजवळ लागते जेमतेम पाव लिटरच्या आसपास, नळीत त्याहूनही कमी. इतक्या कमी तेलात बारीकशी गळती झाली तरी उरते काय? तिन्हींपैकी एक जागा अनेकांच्या ध्यानातच राहत नाही आणि वर्षानुवर्षे तेल बदलले जात नाही.

दुसरी दुर्लक्षित जागा म्हणजे स्प्लाइन. मागचे चाक आणि शाफ्टचा डबा एकमेकांत गुंतवणारे हे दाते. चाक काढल्याशिवाय ते दिसत नाहीत. त्यांना ग्रीस लागते. ते न मिळाल्यास लालसर भुकटी तयार होते, दाते झिजून टोकदार होतात आणि एक दिवस इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी जागची हलत नाही. अशा वेळी रस्त्याच्या कडेला करण्यासारखे काही उरत नाही. नवे दाते बसवण्यासाठी चाकाचा हब यंत्रशाळेत न्यावा लागतो. क्राउन-पिनियन खराब झाली तर भाग परदेशातून मागवणे, सीमाशुल्क भरणे आणि दातांची बैठक शिम लावून मिलिमीटरच्या शतांश भागापर्यंत जुळवणारा कारागीर शोधणे, हे सारे ओघाने आले.

थोडक्यात, चेनचा खर्च लहान, वारंवार आणि डोळ्यांसमोर दिसणारा. शाफ्टचा खर्च मोठा, क्वचित आणि झाकलेला. नव्या गाडीत तो ‘क्वचित’ पहिल्या मालकाच्या वाट्याला बहुधा येतच नाही. पन्नास वर्षांनंतर विकत घेणाऱ्याच्या वाट्याला तो येण्याची शक्यता बरीच असते.

चालवताना फरक जाणवतो का?

जाणवतो. जुन्या शाफ्टच्या गाडीत थ्रॉटल दिला की मागची बाजू उचलली जाते, सोडला की बसते. पिनियन क्राउनवर चढू पाहते आणि तो धक्का आर्ममधून गाडीला उचलतो. जर्मनीत बीएमडब्ल्यूला त्यावरून ‘गुमीकू’ म्हणजे ‘रबरी गाय’ असे टोपणनाव पडले होते. गंमत सोडली तर याचा अर्थ गंभीर आहे. वळणावर गाडी कललेली असताना अचानक थ्रॉटल बंद केला तर मागची बाजू खाली बसते आणि जमिनीपासूनचे अंतर नेमके तेव्हाच कमी होते. चेनच्या गाडीवरून आलेल्या चालकाने घाटात जाण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर ही सवय करून घ्यायला हवी. बीएमडब्ल्यूने यावर दुहेरी सांध्याची ‘पॅरालिव्हर’ रचना आणली, पण ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस.

शाफ्टचा डबा चाकाबरोबर वर-खाली होत असल्याने खडबडीत रस्त्यावर मागचे चाक जड वाटते. स्वच्छ, तेल दिलेल्या चेनमध्ये ताकदही कमी वाया जाते. लहान इंजिनाच्या गाडीत हा फरक कळतो.

सुरक्षिततेचे काय?

चेनचा धोका उघडा आहे. सैल चेन उतरून स्प्रॉकेटमध्ये अडकली तर मागचे चाक जाम होऊ शकते. तुटलेली चेन केसिंग फोडू शकते. इंजिन चालू ठेवून फडक्याने चेन पुसण्याची सवय बोटांवर बेतते. चेनच्या लॉकची क्लिप उलटी बसवली तर ती निसटण्याचा धोका असतो. क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवे. मागे बसणाऱ्याच्या साडी-ओढणीचा प्रश्न वेगळाच. भारतात बनलेल्या गाड्यांना साडी गार्ड असते, बाहेरून आलेल्या जुन्या गाड्यांना बहुधा नसते. झाकलेला शाफ्ट इथे उजवा ठरतो, तरी चाकाच्या आऱ्या उघड्याच असतात हे विसरू नये. शाफ्टचा डबा तेलाविना गरम होऊन जाम झाला तर धोका तितकाच. तेल गळून मागच्या ब्रेकच्या लायनरवर गेले तर ब्रेक लागत नाही.

घेण्यापूर्वी काय तपासावे?

चेनची गाडी :
• मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढून पाहावी. दात निम्मा उघडा पडला तर चेनसेट बदलावा लागणार.
• चाक हळूहळू फिरवत ताण पाहावा. एका जागी घट्ट, दुसरीकडे सैल असेल तर झीज असमान आहे.
• मागून पाहून दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का ते बघावे. नसतील तर सांगाडा किंवा आर्म वाकलेला असू शकतो. ही खूण चेनपेक्षा महत्त्वाची.

शाफ्टची गाडी :
• डब्यातील तेल काढून पाहण्याची परवानगी मागावी. प्लगच्या चुंबकावर काळी बारीक पूड चालते, चकचकीत तुकडे चालत नाहीत. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे.
• मेन स्टँडवर, गिअरमध्ये ठेवून चाक पुढे-मागे हलवावे. किंचित खेळ असतोच. ठणठण आवाज येत असेल तर सावध व्हावे.
• चाक वर-खाली धरून आडवे हलवावे. हलले तर बेअरिंगकडे संशय.
• चाक काढून स्प्लाइन पाहाव्यात. विक्रेता तयार नसेल, तर त्या झिजलेल्या आहेत असे धरून किंमत ठरवावी.

शाफ्ट काढून चेन बसवता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, पण गिअरबॉक्स, मागचा आर्म, चाक आणि बहुधा सांगाड्यापर्यंत हात घालावा लागतो. इथे नियम आडवा येतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. अट अशी की वाहन मूळ रूपात असावे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. फेरनोंदणीला पाच हजार रुपये. आधी नोंदलेल्या वाहनाला जुना क्रमांक ठेवता येतो. त्यामुळे ‘शाफ्ट खराब आहे, चेन टाकून घेऊ’ हा सल्ला ऐकणाऱ्याची गाडी चालेलही, पण व्हिंटेज म्हणून तिची नोंदणी आणि किंमत दोन्ही धोक्यात येतात.

या नोंदणीची दुसरी बाजूही खरेदीदाराने लक्षात घ्यावी. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती बाहेर काढता येते. म्हणजे वर्षाकाठी धावणे थोडेच. शाफ्टचा मोठा फायदा, लांब पल्ल्यात देखभाल कमी, इथे फारसा कामी येत नाही. उलट उभ्या गाडीत ऑइलसील वाळतात, रबरी बूट तडकतात आणि तेलात ओल धरते. ती झीज किलोमीटरवर नव्हे, कॅलेंडरवर चालते. उभ्या गाडीची चेनही गंजते, पण तो गंज नजरेला पडतो आणि फार तर चेनसेटचा खर्च होतो.

मग कोणी काय घ्यावे?

पहिलीच जुनी गाडी, जवळ साधा मेकॅनिक, स्वतः हात काळे करण्याची तयारी आणि मर्यादित पैसे, अशांनी चेनचीच गाडी घ्यावी. तिच्या चुका स्वस्तात पडतात आणि शिकायलाही मिळते. बुलेट किंवा येझदीचे भाग पुण्याच्या जुन्या बाजारापासून गावच्या गॅरेजपर्यंत कुठे ना कुठे सापडतात.

शाफ्टची गाडी कोणी घेऊच नये, असे नाही. नीट राखलेली जुनी बॉक्सर पावसापाण्यात, धुळीत दूरच्या प्रवासाला निघाली की चेनवाल्यांना हेवा वाटावा अशी चालते. मात्र ती घेण्यापूर्वी तीन गोष्टी हाताशी हव्यात : चाक काढून पाहू देणारा विक्रेता, क्राउन-पिनियन जुळवता येणारा माहीतगार कारागीर आणि खरेदीच्या किमतीवर बाजूला ठेवलेली दुरुस्तीची रक्कम. यापैकी एकही नसेल तर सौदा काही काळ थांबवलेला बरा.

‘कुठले तंत्र श्रेष्ठ’ या वादात हौशी मंडळींच्या संध्याकाळी जातात. खरेदीदाराने विचारायचा प्रश्न साधा आहे : ही गाडी बंद पडली तर आपल्या गावात ती कोण उघडू शकेल? त्याचे नाव सांगता आले की चेन की शाफ्ट हे ठरवणे अवघड राहत नाही.